तळप्रमुखांचा डावा गुडघा

चांद्रतळावरचा घेवडा वाचला आणि तळप्रमुख अंबादास काळुंखे यांची नोकरी गेली. असं काहीही घडलेलं नाही, असा मुख्यालयाचा खुलासा आहे. तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरून सुरुवात करू.

हरितकक्षात घेवडा पिवळा पडत होता. पानांखाली लाल कोळी रस शोषत बसले होते. त्यांना खाणारे शिकारी कोळी कीटकतज्ज्ञ शर्वाणी देवस्थळीने सोडले होते, पण ते पानांवर दिसतच नव्हते. घेवडा गेला तर पुढचं यान येईपर्यंत शेवाळाच्या वड्या खायच्या होत्या. त्या सगळ्यांनी एकदा खाल्ल्या होत्या.

"शिकारी आंधळे असतात, सर," शर्वाणी म्हणाली. "लाल कोळी लागला की रोपातून आर्तगंध सुटतो. त्या वासावर हे धावतात."

"मग कुठं उलथलेत?" रोजच्या पाहणीला आलेले काळुंखे सारखे पाय बदलत, मांडी खाजवत होते.

"तोच वास दुसरीकडून जास्त येत असणार. त्यातलं मुख्य रसायन गुडघेदुखीच्या बाममध्येही असतं."

काळुंख्यांनी डावा पाय हळूच उजव्यामागे घेतला.

"सर, पँट वर करा."

"देवस्थळी, मी तळप्रमुख आहे!"

"म्हणून तर मी 'सर' म्हणाले."

डाव्या गुडघ्यावर ठिपक्यांएवढ्या नारिंगी शिकारी कोळ्यांची जत्रा भरली होती. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, दुखणं मात्र पूर्ण.

"मुख्यालयाला कळलं तर मला घरी पाठवतील," ते पुटपुटले. "घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाई. लिफ्ट नाही. आणि तिथं वजन सगळंच्या सगळं."

शर्वाणीने बाम पानांजवळ लावून पाहिला. गार हवेत वास उठेना. रसायन उडायला ऊब हवी होती, आणि ऊब काळुंख्यांकडे होती.

त्यांनी छतावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा थेट मुख्यालयाला जोडलेला होता. मग पिवळ्या घेवड्याकडे पाहिलं. वड्यांची चव आठवली.

"पाय कुठं ठेवू?"

गुडघा रोपाला टेकवून ते वाफ्यात बसले. शिकारी पानांवर उतरले, समोरच लाल कोळी सापडले, तिथेच रमले. काळुंखे सरकत पुढच्या रोपाशी गेले. असं करत सगळे वाफे झाले. नवी पालवी हिरवी आली.

पाठोपाठ आदेशही आला: गुडघा अपात्र, काळुंख्यांना पुढच्या यानाने परत पाठवावे.

तळाने उत्तर धाडलं:

"आदेश मिळाला. तथापि सदर गुडघा हे हरितकक्षातील चालू स्थितीतले उपकरण असल्याने ते हलवता येत नाही. तरी गुडघ्यास येथेच कायम करावे, ही नम्र विनंती. उर्वरित काळुंखे सोबत राहिल्यास आमची हरकत नाही."