बयाबाईच्या शेताची उंची

ही गोष्ट १९४६ च्या मे महिन्यातली. सांगलीची शरयू त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गात जाणार होती. धाकट्या चिंतामणला घेऊन ती आटपाडीजवळच्या वाडीत तात्यामामांकडे सुट्टीला आली होती. भूगोलाच्या मास्तरांनी एखाद्या तलावाचा, भोवतीच्या चढउतारांसकट नकाशा करून आणायला सांगितला होता. शेजारचा धुळाही कामाला लागला. अर्धी पाण्यानं भरलेली बाटली आडवी धरायची, पाण्याच्या रेषेवरून लांबच्या काठीकडे बघायचं आणि आकडा लिहायचा.

पण आकडे जुळेनात. शरयूच्या मोजणीत धुळाच्या आईचं, दर दिवाळीनंतर मेंढरांमागं बाहेर पडणाऱ्या बयाबाईचं शेत तलावाच्या तोंडापेक्षा, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या जागेपेक्षा, दोन फूट खाली येत होतं. तलावाच्या पाटाचं काम बघणाऱ्या गंगाधरराव ओव्हरसियरांच्या कागदावर तेच शेत दोन फूट वर होतं. म्हणून शुक्रवारी खणायला घ्यायच्या पाटातून त्यांनी ते वगळलं होतं.

तिनं तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. ओव्हरसियरांना विचारलं, तर पोरींनी नकाशे रंगवावेत, दुर्बिणीच्या कामात पडू नये, असं ऐकून घ्यावं लागलं. मग मात्र तिचं डोकं चालेना. पाणी चढावर जातं की आपल्यालाच मोजता येत नाही? ओव्हरसियर ज्या आकडा कोरलेल्या दगडापासून उंची मोजायचे, त्याच्याशेजारी, बाभळीखाली, ती हताश होऊन बसली.

"ताई, ह्या दगडाला काजळी कशी गं?" चिंतामणनं विचारलं.

धुळानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "आक्का, ह्यो आयच्या चुलीचा दगड हाय."

तिघं धावतच बयाबाईकडे गेली.

"व्हय, म्याच टेकाडावरनं घेतला हुता," ती म्हणाली. "दिवाळीच्या टायमाला मेंढरं तितं बसली हुती, तवा. मांडल्याली चूल मागं टाकून जात न्हाईत, म्हून निघताना दगड माघारी ठेवला. पर टेकाडावर कोन चढतंय परत? खाली बाभळीपाशी ठेवला. का गं पोरी, देवाचा हुता का?"

"देवाचा नाही, मावशी. मापाचा होता."

सरळ सांगितलं असतं, तर ओव्हरसियर बयाबाईवरच उखडले असते. म्हणून दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांसमोर शरयू गरीब चेहऱ्यानं म्हणाली, "मला शिकायचंय. ह्या दगडापासून तलावाच्या तोंडापर्यंत मोजून दाखवता का?"

ओव्हरसियर खुलले. चिंतामणनं काठी धरली. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं.

"कागदावर सात फूट, आणि इथं तीनच!"

मग शरयूनं सगळं सांगितलं: तलावाचं तोंड दगड टेकाडावर असताना मोजलेलं, शेत मात्र दगड चार फूट खाली आल्यावर; म्हणून कागदावर शेत चार फूट वर चढलं. म्हातारी माणसं पोट धरून हसली. ओव्हरसियर आधी लाल झाले, पण त्यांनी तिथंच पाटाची रेघ खोडून बयाबाईच्या शेतावरून नवी काढली. तात्यामामा म्हणाले, "आमच्या भाचीनं नुसता नकाशा काढला नाही, पाणी वळवलं."

ओव्हरसियर पुढं साताऱ्याला गेले. म्हणे, काम संपल्यावर दगडापर्यंत उलट मोजून ताळा पाहिल्याशिवाय ते कागदावर सही करीत नसत. चिंतामण रेल्वेत लागला. शरयूनं माधवनगरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. धुळानं त्या जमिनीत डाळिंबं लावली. आणि बयाबाई? त्या दिवाळीनंतर मेंढरं वाटेला लागली, तेव्हा जन्मात पहिल्यांदाच ती मागं राहिली. मेंढरा-बिऱ्हाडांचा चालता वाडा दिसेनासा होईस्तोवर बघत उभी राहिली, मग पदर खोचून जोंधळ्याला पाणी द्यायला गेली.