आघात कुणाच्या वाट्याला

धडकभिंतीवरचा धुरळा बसला तशी जुईली खटावकर चेचलेल्या ‘सोबती’पाशी गेली. मध्यम आकाराची, उंच बांध्याची, पाच माणसांची गाडी. कुटुंबांनी ती घ्यावी की नाही, हे नगरजवळच्या या चाचणी केंद्रात जुईलीच्या सहीवर ठरणार होतं. आतले तीन पुतळे ठणठणीत होते. मागच्या बाकावर आईच्या जागी बसवलेल्या चौथ्याचा पार चुराडा झाला होता.

“परत आईच!” ती म्हणाली.

गाडीचे रचनाकार डॉ. हुपरीकर चहा फुंकत होते. “मॅडम, मी काय बायकांवर डूख धरून बसलोय?”

“मग ज्या घरी गाडी वापरायला दिली, त्या प्रत्येक घराच्या चाचणीत आईचाच पुतळा कसा मरतो?”

“हे बघा. टळणारच नाही असा अपघात दिसला की गाडी निमिषात अंग वळवते आणि सगळा आघात एका जागेवर घेते. सारखा वाटला तर सगळेच जातात. तो एक कोण, हे कंपनीनं ठरवायचं नाही असा कायदा आहे. घरच्यांना विचारावं, तर जो तो म्हणतो, मला मरू द्या. म्हणून गाडी विचारत नाही, बघते. गार वारा कुणाकडे वळवतात, कुणासाठी थांबतात, डबा उघडला की शेवटचं कोण खातं. जो सारखा मागे सरतो, त्याला घरानं शेवटी ठेवलंय, एवढंच तिला कळतं.”

“अहो, त्या प्रेमानं मागे सरतात!”

“यंत्राला प्रेम दिसत नाही हो. मागे सरणं दिसतं.”

जुईलीच्या दारातही चाचणीची एक ‘सोबती’ उभी होती. तिनं गाडीनं लावलेला आपल्या घराचा क्रम पडद्यावर उघडून पाहिला. शेवटी तीच. तिला संताप आला, नवऱ्याचा थोडा आणि स्वतःचाच जास्त. डब्यातलं करपलेलं धपाटं दर वेळी न सांगता कोण उचलायचं? तीच ना!

तिनं घरी सगळं सांगितलं. नवरा, मल्हार, ओशाळला. “आजपासून आई पहिली,” त्यानं जाहीर केलं. आठवडाभर हौसेनं पाळलं आणि पुढे ये रे माझ्या मागल्या. मुलानं, ओजसनं, कानातले इअरफोन काढलेसुद्धा नाहीत. पण बारा वर्षांच्या रेवानं ते मनावर घेतलं. आई, तू आधी घे. आई, वारा तुझ्याकडे करते. पोरीचं फार कौतुक वाटायचं जुईलीला.

दोन-तीन महिन्यांनी तिनं पुन्हा क्रम उघडला. तिचं नाव वर चढलं होतं. ती हसली, आणि मग तिची नजर खाली गेली.

शेवटी रेवा होती.

असणारच. कुणीतरी शेवटी लागणारच होतं. बापानं काही सोडलं नव्हतं, भावानं सोडलं नव्हतं. आईला जे जे मिळालं, ते सारं या पोरीच्या वाट्यातून आलं होतं.

“मी गाडी नापास करते,” ती हुपरीकरांवर कडाडली.

“करा. पुढच्या वर्षी प्रत्येक गाडीत हे आघातवाटप सक्तीचं होतंय. निम्मी माणसं वाचतात, मॅडम, नाही कोण म्हणणार? आणि घराचा क्रम घराबरोबर नव्या गाडीत जातो.”

“मग तेवढं माझ्या घराचं बदला. पाया पडते तुमच्या.”

“मी हातानं बदललं तर तो खून ठरतो.”

“आणि नाही बदललं तर?”

“अपघात,” हुपरीकर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी सगळे नणंदेकडे निघाले. मल्हार आणि ओजस पुढे बसले. मागे उजवीकडे रणरणतं ऊन येत होतं, आणि रेवा त्याच बाजूला वळली. जुईलीनं तिचा दंड धरला.

“तू सावलीत बस.”

“नको गं आई. तुझं डोकं चढतं उन्हानं.”

“बस म्हणते ना! जरा स्वतःचं बघायला शीक, कार्टे!”

आई असं कधी बोलत नसे. रेवाचे डोळे भरले, पण ती हटली नाही. जुईलीनं ओढलं, तिनं हात सोडवून घेतला. मायलेकी दारातच एकमेकींना सावलीकडे ढकलत राहिल्या. आत बापलेक कधीचे पट्टे लावून बसले होते.

“अगं, बसा कुणीतरी एकदाचं,” मल्हार म्हणाला. “उशीर होतोय.”