शाळेच्या वाफ्यातली वांगी

“या रतिलालला बोलायचं काही भान आहे का!” झुंबरबाई ओसरीवर बसून आपल्या लेकाच्या नावाने करवादत होती. “चार माणसांत लेकीला म्हणतो, पाणी पाजून पाजून तुम्हीच रोपं मारली! आईविना पोर ती!”

तिची नात भूमिका शेजारीच बसली होती. तिच्या मांडीवर शाळेच्या वाफ्यातलं वांग्याचं रोप होतं. पानं पिळवटलेली, शेंडा मान टाकलेला. भरताच्या वांग्याचं हे बी तिच्या आईने यावलहून, माहेराहून आणलेलं. दरसाल पिकलं वांगं फोडून ती बी राखेत चोळायची, जपून ठेवायची. यंदा आई नव्हती. भूमिकाने उरलंसुरलं बी वाफ्यात टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीतही ती आणि तिच्या वर्गातले तेजस, अफरीन असे तिघं रोज पाणी घालायला जात. आणि आता हे!

“पाण्याने मुळं सडतात, पानं कशी पिळवटतील?” तेजस म्हणाला.

“शेजारची मेथी बघ, टवटवीत!” अफरीन म्हणाली. “पाणी तर तिलाही तेवढंच!”

“मेथीवर फवारणी झाली नाही,” भूमिका हळूच म्हणाली. “वांग्यावर मावा पडला म्हणून पप्पांनीच औषध मारून दिलं. बाटली मी पाहिली, औषध बरोबर होतं.”

“आणि पंप?” तेजस ओरडला. “त्याच पंपाने काका बांधावर तणनाशक मारतात!”

“पप्पा म्हणतात, धुतलाय.”

“बघूच की!”

तेजस साळसूद चेहऱ्याने रतिलालकडे गेला. “काका, पंप देता? नुसतं पाणी मारायचंय.”

“ने. लख्ख धुतलेला आहे!”

“पोरांनो, लांब व्हा!” झुंबरबाईने तोंडाला पदर बांधून नळी स्वतः धरली. कुंपणाजवळ कपाशीची झाडं होती. एकावर तिने बादलीतलं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर पंपातलं.

बादलीच्या पाण्याचं झाड हसत राहिलं. पंपाच्या पाण्याचं काही दिवसांत आक्रसलं. हुबेहूब वांग्यासारखं!

“सापडलं!” तेजसने उडी मारली. पण भूमिकाचा चेहरा पाहून तो जागीच थांबला. झुंबरबाईने नातीला जवळ ओढलं. सून गेली, आणि आता तिच्या हातचं बीही गेलं.

रतिलाल आला. कपाशीचं आक्रसलेलं पान त्याने बोटांत धरून पाहिलं. “विसळला होता व माय... घाईत.”

“पप्पा, आईचं बी संपलं,” भूमिका म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

“शाबास रे पोरांनो!” झुंबरबाईने तिघांच्या पाठीवर हात फिरवला. “मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही शोधलं.”

मग ती लेकाकडे वळली. “रतिलाल, पंप नीट धुतला नाहीस, चुकलास. तेवढं मी पोटात घातलं असतं. पण स्वतःचे हात न बघता तू या लेकराला दोष दिलास. तुझी बायको असती तर ती आज तुझ्याशी बोलली नसती. मीही बोलणार नाही. आधी जा, त्या चार माणसांत उभा राहा आणि सांग, रोपं मी मारली!”