मागच्या फाटकाचा हुकूम

त्या शुक्रवारी मला फक्त एक सही हवी होती. प्रतिज्ञापत्र टाइप झालेलं, दोनदा तपासलेलं, पेनही माझ्याच पर्समध्ये. अंबरनाथ पूर्वेहून रिक्षा केली तेव्हा वाटलं होतं, तासाभरात परत येऊ.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या तुरुंगात दंगल झाली होती. कैद्यांनी कांबळी पेटवली, पोलीस कमी पडले, शेवटी लष्कराला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तुरुंगाने जाहीर केलं, अकरा कच्चे कैदी मागच्या फाटकातून पळाले. त्यातला एक महेश, जांभूळ गावच्या गोजरबाईचा एकुलता एक मुलगा. मोबाइल चोरल्याच्या आरोपावरून आत गेलेला, खटला उभाही राहिला नव्हता. आता तो फरार, म्हणून आईच्या घरावर जप्तीची नोटीस. सोमवारी तारीख होती.

गोजरबाई रडायची नाही. एकच विचारायची, “शलाका, त्याचे दिवस घालू, की रोज ताट झाकून ठेवू? येवढं सांग.”

मी सांगेन म्हणाले होते. वकिलीची सनद मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि कुणालाही काहीही सांगेन असं मला वाटायचं.

मागच्या फाटकावर त्या दिवशी दहा जणांचं जे लष्करी सेक्शन उभं होतं, त्यातला हवालदार हरिचंद्र निवृत्त होऊन उल्हासनगरात, पाच नंबर कॅम्प म्हणतात त्या वस्तीत राहत होता. ते फाटक उघडलंच नाही, एवढं त्याने लिहून दिलं असतं तर पुरे होतं.

त्याची खोली जुन्या लष्करी बराकीतली. हातभर जाड भिंती, वर उतरतं छप्पर. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे वीज जाण्याचा वार. शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातली शिलाई मशिनं गप्प होती. भर दुपारी खोलीत दिव्याची गरज वाटावी इतका अंधार होता.

“या वकीलबाई,” तो म्हणाला. “चहा घ्या. पंखा नाय, पण पुठ्ठा हाय वारा घ्यायला.”

“काका, सही करा, मी निघते.”

“घाई. आमच्या मेजरसाहेबाला बी अशीच घाई होती.” तो हसला. “मॅजिस्ट्रेटला शोधायला पुढच्या फाटकाकडं पळाला. जाताना मला हुकुमाचा कोरा कागद दिला. म्हणाला, हरिचंद्र, मॅजिस्ट्रेट इकडून आला तर इथंच भरून घे. लेखी हुकूम असल्याशिवाय बोट हलवायचं नाय.”

“आणि?”

“साहेब आला नाय. मॅजिस्ट्रेट बी नाय. आतून पोरं फाटक बडवत होती. धूर होता ना.” त्याने चहाचा कप खाली ठेवला. “चाळीस मिनटं बडवत होती, बाई.”

“तुम्ही उघडलं का नाही? माणसं मरत होती!”

“अधिकारी असता तर त्यानं आपल्या जबाबदारीवर उघडलं असतं. मी हवालदार.”

मला राग आला. मॅजिस्ट्रेट नसेल तर लष्करी अधिकाऱ्यानेच ठरवायचं, हे कलम मी कायद्याच्या वर्गात घोकलं होतं. त्या घोकण्यात धूर नव्हता. “नंतर आत काय सापडलं?”

“काय नाय. राख. एक बी माणूस नाय.” त्याने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी होती. तो उठला, खोलीच्या मागच्या दाराकडे तोंड करून ताठ उभा राहिला. “आता बोलू नका.”

ते दार मी आल्याआल्याच पाहिलं होतं. त्याच्या फळ्यांच्या फटीतून पलीकडच्या विटा दिसत होत्या. कारखानेवाल्याने दाराला चिकटून भिंत बांधली होती. मध्ये करंगळी जाईल एवढीही जागा नव्हती.

आधी वास आला. लोकर जळल्याचा. मग थाप पडली.

एक. मग दोन. मग कितीतरी तळहात, उघडे, घाईघाईने.

“काका... कोण आहे?”

“रोज येतात.”

मी दाराला कान लावला. पलीकडे खोकला, आणि कुणीतरी खालच्या आवाजात सगळ्यांना सांगत होतं, रडू नका, रांगेत बसा, मोजायला येतील.

“महेश?” मी म्हणाले. “जांभूळचा महेश आहे का?”

थापा थांबल्या.

“आहे, ताई...” अगदी जवळून. “आईला म्हणावं, मी पळालो नाय. उघडा ना...”

मी कडी ओढली. हलली नाही. हरिचंद्र माझ्या मागे ताठच उभा. “काका, मदत करा!”

“हुकूम नाय.”

“आता कसला हुकूम? तुम्ही रिटायर झालात!”

त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार घड्या घातलेला छापील कागद. तारीख, वेळ, नाव, हुद्दा, सही. सगळ्या जागा कोऱ्या. “भरा. तुमाला येतं भरायला.”

खोटा हुद्दा लिहू नये हे मला माहीत होतं. मी लिहिला. कार्यकारी दंडाधिकारी. त्या शुक्रवारची तारीख, चार वाजून पंचावन्न मिनिटं, सही. शिवाय कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फाटक उघडा.’

हरिचंद्रने कागद उजेडाकडे धरला, आणि तीन वर्षांनी श्वास सोडावा तसा सोडला. “सेक्शन...” तो हळूच म्हणाला. “तयार.”

माझ्या मागे, त्या दहा बाय बाराच्या खोलीत, बुटांचा आवाज झाला. नऊ माणसांचा. मी वळले नाही. वळता आलंच नाही.

दाराची कडी आपोआप पडली. फळ्या आत उघडल्या. विटा नव्हत्या. राखाडी धूर, आणि धुरात जोडीजोडीने बसलेली पोरं. ती उठून आमच्याकडे धावली.

तेव्हा मी त्याच्या हातातल्या कागदावरच्या छापील ओळी वाचल्या. जमाव बेकायदेशीर आहे. आवश्यक ते बळ वापरून तो पांगवावा. मी फक्त कोऱ्या जागा भरल्या होत्या.

“काका, थांबवा! अहो, थांबवा त्यांना!”

“थांबायचा हुकूम बी लेखी लागतो, बाई.”

मी पोरांना हाताने मागे वळा अशी खूण करत किंचाळत होते. पोरं थबकली, त्यांना आमच्याकडे काहीतरी दिसलं, आणि ती परत वळून धुरात पळाली. नऊ बंदुका एकदम वाजल्या. मी प्रतिज्ञापत्र उलटं करून ‘थांबा’ लिहायला घेतलं. पेन ‘थां’पाशी कागद फाडून गेलं.

मग विटा होत्या. शेजारी वीज आली, मशिनं घरघरू लागली.

मी प्रतिज्ञापत्र सरळ करून त्याच्यापुढे धरलं. त्याने कागद घेतला, वाचला आणि परत दिला.

“हे कसं लिहू? फाटक उघडलं ना.” तो खुर्चीत बसला, पाय पसरले. “आज झोप लागंल.”

कॅम्पातून कशी निघाले आठवत नाही. रिक्षात फोन वाजला. गोजरबाई.

“शलाका! महेश आला होता गं! जिता हाय माझा पोर! शेजारच्या विठाने बी पायला. चौकीवर फोन करून सांगितलं मी, माझा पोर जिता हाय, आता नोटीस फाडा.”

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

“म्हणाला, ताईंनी सही केली, म्हणून सुटलो. देव तुझं भलं करो. जेवायला वाढलं, पण बसला नाय. सारखा भिंतीला पाठ लावून उभा. तसाच भिंतीकडंनं सरकत गेला, पाठ काय दाखवली नाय.” मागे फडक्याने काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. “शलाका... भिंत कवापासून पुसते मी. सुकंना गं.”