नापसंतीचं बटण

"अहो, तुमचा मोबाईल जरा बघू का?"

भोरच्या एसटी स्टँडवर भर दुपारी अनोळखी पोरानं असं विचारलं, तर विंझरची पोरगी गप्प बसेल होय? शेफालीनं छत्री मिटली, तिचं टोक त्याच्याकडं रोखलं आणि म्हणाली, "का? स्वतःचा विकून खाल्लात?"

पोरगा हसला. हसताना बरा दिसला, हीच तर पंचाईत! त्याच्या झोळीत मोबाईलच मोबाईल. मोठे, लांबुडके, काच तडकलेले.

"चोरीचे नाहीत हो! मी प्रद्युम्न, इथलाच, भोरचा. अ‍ॅप बनवतो. एका फोनवर नीट दिसतं ते दुसऱ्याच्या स्क्रीनवर विस्कटतं, म्हणून सगळ्यांवर लावून बघतो. तुमच्याइतका छोटा फोन माझ्याकडं नाही..."

"कसलं अ‍ॅप?"

"ते... वधू-वर मंडळाचं."

झालं! शेफालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण परवाच तिच्या वडिलांनी, चिमाजी आबांनी, याच अ‍ॅपवर एका स्थळाला होकार कळवला होता. कळवला कसला, हात दाखवून अवलक्षण! आबांचा फोन तळहातात मावेल एवढा. त्यात डोळ्यांना दिसावं म्हणून अक्षरं टपोरी केलेली. नवऱ्यामुलाचा फोटो आणि त्याची बागायत यांनीच स्क्रीन भरली आणि खाली एकच हिरवं बटण उरलं — ‘पसंत’. ‘नापसंत’ काचेच्या खाली कुठं गडप झालं ते देव जाणे. पान पुढं सरकेना, बंद होईना, म्हणून आबांनी दिसलं ते बटण दाबलं. आता रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते आणि आबा म्हणत होते, "शब्द गेला पोरी, आता माघार न्हाई."

"म्हणजे ते तुम्हीच!" शेफाली कडाडली.

"मी... काय केलं?"

"माझं लग्न लावलंत!"

तिनं सगळं सांगितलं. तिच्या गावावरून जाणारी वेल्ह्याची एसटी आली आणि निघूनही गेली, तिला भान नव्हतं. प्रद्युम्ननं तिच्या फोनवर अ‍ॅप उघडलं, अक्षरं मोठी केली आणि बाकावर मटकन बसला.

"माझीच चूक आहे," तो म्हणाला. "बटण आजच दुरुस्त करतो."

"आणि माझं लग्न?"

"ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला. उगाच थाप मारली नाही, एवढं मात्र तिला आवडलं.

शेफाली भोरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वारी दारात हजर! मग रोजच. तो नवं करून आणायचा, ती फोन आडवा धरून, उभा धरून, अक्षरं मोठी करून चुका काढायची. बाहेर ऊन-पावसाचा खेळ आणि आत या दोघांचा.

"अजून अर्धंच दिसतंय. अर्धा नकार असतो का कुठं?"

"तुमच्याकडं बघून तरी पूर्ण वाटतो... बोट बघू तुमचं."

"का?"

"बटण बोटाला पुरतं का बघायचंय."

"दिवसभर मी लोकांची बोटं टोचते. माझं बोट मागणारे तुम्ही पहिलेच!"

"बोटच मागितलंय," तो हळूच म्हणाला, "हात अजून कुठं..."

पुढचं वाक्य त्यानं गिळलं. तिनं मान वळवली, पण कान तापले ते तापलेच.

शुक्रवारी बटण जागेवर आलं. लाल, ठसठशीत, कुठल्याही फोनवर दिसेल असं. आणि तिथंच घोडं अडलं. मंडळाचे अध्यक्ष कुंडलिकअण्णा म्हणाले, "खबरदार! अहो, या अ‍ॅपवर नकारच येत नाही म्हणून आपली वाहवा चाललीय. आहे ते झकास आहे."

"अण्णा, नकार येत नाही असं नाही. तो देताच येत नाही."

"मग बिघडलं काय?"

प्रद्युम्ननं तिथल्या तिथं काम सोडलं. शेफालीला कळलं तेव्हा ती त्याच्यावरच उखडली. "वेड लागलंय का तुम्हाला? हातातलं काम सोडलंत?"

"तुमच्या ‘नाही’ला जिथं जागा नाही, तिथं मी कशाला राहू?" तो पावसाकडं बघत राहिला. "अ‍ॅप मीच बनवलं... पण त्यात माझं स्वतःचं नाव भरता येत नाही. जातीच्या रकान्यातच अडतं."

त्या दिवशी शेफालीचं मन ठरलं.

रविवारी विंझरला घर माणसांनी भरलं. खुद्द कुंडलिकअण्णा मध्यस्थ. "चला, फोडा सुपारी!"

"थांबा," शेफाली म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाही."

"आँ? मोबाईलवर पसंती आलीय की!"

"मोबाईलला बटण नव्हतं, अण्णा. मला तोंड आहे."

माजघरापासून ओटीपर्यंत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात नवरामुलगा, हनुमंत, खाली मान घालून पुटपुटला, "खरं सांगू का... माझ्या फोनवरबी तेवढंच बटण हुतं."

त्याच्या आईनं त्याच्याकडं असं बघितलं, की बिचारा आणखीच आकसला. पाहुणे चहा न घेता उठले. अण्णा फणफणत त्यांच्यामागं गेले.

घर रिकामं झालं. आबा मान खाली घालून म्हणाले, "गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाईस. मनात दुसरं कोन हाय का?"

"हाय. पण आपल्यातला न्हाई, आबा."

"त्याला ठावं हाय?"

"न्हाई. आधी तुमाला सांगितलं."

आबांनी मान वर केली. "लाव फोन. माझ्याम्होरं."

तिनं लावला.

"प्रद्युम्न, आबा शेजारी बसलेत, ऐकतायत. मला तू आवडतोस. लग्न केलं तर तुझ्याशीच करीन. तुला नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण, मी रागावणार नाही."

पलीकडून लगेच उत्तर आलं.

"हो. शेफाली, हो! पहिल्या दिवसापासून हो. पण आमच्या घरी वादळ होईल बघ."

"होऊ दे. मी येते बोलायला."

"तू कधी—"

आबांनी फोन तिच्या हातातून घेतला. "ती येकटी न्हाई येनार. मी बाप हाय तिचा, मीबी येतो. मागल्या वक्ती म्या न इचारता दाबून मोकळा झालो. आता जे हुईल ते समोरासमोर." मग लेकीकडं वळून म्हणाले, "बघत काय उभी ऱ्हायलीस? चपला घाल."