पुढचा सूर

जुन्या शहराच्या मध्यावर तीन चर्च आहेत. थोरलं, मधलं आणि धाकटं, असंच सगळे म्हणतात. थोरल्याच्या पायरीवरून निघालं की घड्याळवाल्याच्या कोपऱ्यावर वळायचं, अरुंद गल्लीतून मधल्याच्या मागच्या दाराशी यायचं, आणि तिथून कारंज्याचा चौक ओलांडला की धाकटं. धडधाकट माणसाला सगळी मिळून सात मिनिटं लागतात. तिच्या नवऱ्याला चाळीस लागायची.

ती ऑर्गन सुरात लावायची. वडिलांकडून आलेला धंदा. हवा बदलली की लाकूड फुगतं, नळ्यांचे सूर सरकतात, म्हणून वर्षातून दोनदा एका दिवसात तिन्ही चर्चचे ऑर्गन लावून द्यायचे. हे काम एकट्याचं नाही. एकजण बाहेर बाकावर बसून पट्टी दाबून धरतो. दुसरा ऑर्गनच्या पोटात शिरतो आणि ती पट्टी ज्या नळीतून बोलते ती नळी ठोकून ठोकून सुरात आणतो. आतल्याला बाहेरचा दिसत नाही. सूर जुळला की आतून ओरडायचं, "पुढचा!" की बाहेरच्यानं पुढची पट्टी दाबायची. बस. एवढंच.

आणि एवढंच तिच्या नवऱ्याला सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं. तो मधेच एक पट्टी गाळायचा. बोट लवकर उचलायचा. "पुढचा" म्हटलं की "काय म्हणालीस?" विचारायचा. आज थोरल्या चर्चमध्ये ती शिडीवर एका पायावर लटकली असताना त्यानं रंगीत काचेवरचं कबूतर बघायला मान वळवली होती आणि एकच पट्टी दोनदा दाबली होती. त्यामुळे तिनं सुरात आणलेली नळीच पुन्हा ठोकून बिघडवली होती.

"अहो, माझ्या जिवाशी का खेळताय?" ती आतून ओरडली होती.

"अगं, पण कबूतर खरं होतं. काचेतलं नव्हतं," तो बाहेरून म्हणाला होता.

तेव्हा तिचं पक्कं ठरलं. पुढच्या खेपेपासून मावसबहिणीला घ्यायचं. मावसबहीण चटपटीत होती, कानाची तयार होती, आणि तिच्याशी बोलणंही झालं होतं. फक्त नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. वडील गेले तेव्हा आपली नोकरी सोडून तो तिच्या मदतीला आला होता, म्हणून ते सांगणं जड जात होतं.

घड्याळवाल्याच्या कोपऱ्यावर तो थांबलाच. काचेआड कुठलंसं घड्याळ उलटं चालत होतं म्हणे.

"मी चालले पुढे," ती म्हणाली. "या तुम्ही, कधी यायचं ते!"

मधल्या चर्चचा राखणदार कुलूप उघडून निघून गेला होता. वरच्या सज्जात जाऊन तिनं हवेची मोटर सुरू केली, भाता भरल्याचा सुस्कारा ऐकला, हत्यारांची पिशवी घेतली आणि बाजूच्या बुटक्या दारातून ऑर्गनमध्ये शिरली. आत नेहमीचा धुळीचा आणि जुन्या चामड्याचा वास होता. विजेरी तोंडात धरून ती शिडी चढली. खाली बाक करकरला.

"आलात का हो?"

उत्तर आलं नाही. पहिला सूर मात्र आला.

तिनं कामाला हात घातला. नळीचा सूर दुसऱ्याशी जुळत नसला की हवेत एक थरथर ऐकू येते. ठोकत गेलं की ती मंदावते, आणि जुळला की थांबते. थरथर थांबली. "पुढचा," ती म्हणाली. म्हणायच्या आतच सूर बदलला होता. पुन्हा ठोकणं, पुन्हा "पुढचा". एकही पट्टी गळली नाही. एकदा तिचा हात घसरला, तर सूर मुकाट्यानं तिची वाट बघत राहिला. अर्ध्या तासानंतर ओरडायचीही गरज उरली नाही. ती नुसती पुटपुटत होती, आणि मग तेही नाही. मनात आलं की सूर पुढे जायचा.

तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचाच जरा राग आला.

"आज काय झालंय हो तुम्हाला?" शेवटच्या नळीपाशी ती म्हणाली. "असं आधी जमलं असतं तर! मी तर तुम्हाला घरीच बसवणार होते. मावसबहिणीशी बोलणंही झालंय. आता काय सांगू तिला?"

सूर थांबला. बाक पुन्हा करकरला.

ती बाहेर आली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. पट्ट्यांवरचं लाकडी झाकण लावलेलं होतं. नवरा खाली, दारापाशी उभा होता. टोपी हातात होती.

"एवढ्यात कसे खाली पोचलात?" तिनं विचारलं.

"मी आत्ताच आलो," तो म्हणाला.

"आणि पट्ट्या काय तुमच्या काकांनी दाबल्या?"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. एरवी अशा वेळी तो हसतो. ती चरफडत पायऱ्या उतरली. या माणसाला थट्टा करायलासुद्धा चुकीची वेळच सापडते, असं तिला वाटलं. चौक ओलांडताना मात्र तिनं स्वतःला समजावलं. दमट हवेत एखादी झडप अडकते, नळी आपोआप वाजत राहते, ते तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण अडकलेली झडप एकच सूर धरून बसते. एकामागून एक, ओळीनं, सांगितल्याबरोबर पुढे जात नाही.

धाकट्या चर्चमध्ये तिनं नवऱ्याला स्वतः बाकावर बसवलं. झाकण स्वतः उघडलं.

"इथून हलायचं नाही. कबूतर आलं, घोडा आला, तरी नाही."

"बरं," तो म्हणाला.

ती आत गेली. शिडीवर नीट उभी राहायच्या आत पहिला सूर आला, स्वच्छ आणि स्थिर.

"थांबा हो, मला हत्यार तरी काढू द्या!"

"अगं, मी अजून चष्मा पुसतोय," नवऱ्याचा आवाज आला.

सूर चालूच होता.

या एकाच ऑर्गनमध्ये नळ्यांच्या फटीतून बाकाची एक बाजू दिसायची. तिनं वाकून पाहिलं. नवऱ्याच्या दोन्ही हातांत चष्मा होता. तो पट्ट्यांकडे बघत होता.

"पट्टी खाली गेलीय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी हात नाही लावला."

"मोटर बंद करा."

त्यानं केली. भात्यात उरलेली हवा संपेपर्यंत सूर खोल होत गेला, आणि मेला. आत पूर्ण शांतता झाली.

मग पट्टी वर आल्याचा लाकडी आवाज झाला.

आणि त्या पट्टीच्या शेजारची खाली गेल्याचा.

हवा नव्हती, त्यामुळे सूर नव्हता. पट्टी तशीच दाबलेली राहिली. कोणीतरी वाट बघत होतं.

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

पिशवी तिथेच टाकून ती शिडी उतरली. नवऱ्यानं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला नाही. दोघं बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन होतं, चौकात कारंजं उडत होतं, बाकांवर माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. दोघं मधल्या चर्चच्या पुढे गेली, गल्लीत शिरली.

"तुला खरंच मला घरी बसवायचंय?" त्यानं विचारलं.

ती थबकली. "कोणी सांगितलं?"

"मी दारात उभा होतो. तू आतून बोलत होतीस." तो टोपीची कड चाचपत होता. "आत्ताच आलो म्हणालो, पण खूप वेळ उभा होतो. इतकं सुंदर चाललं होतं, मला वाटलं, तू दुसरं कोणी बसवलंस. वर येऊन काय करायचं, म्हणून तिथेच थांबलो."

तिला राग आला, स्वतःचाच. "कोणी बसवलं नव्हतं," ती म्हणाली. "कोणीच नव्हतं हो तिथे. आणि मावसबहिणीला मी नाही म्हणून सांगणार आहे. उद्याच."

"ती बरी आहे. कानाची तयार आहे."

"असू दे. मला तुम्हीच हवेत. गाळा किती पट्ट्या गाळायच्या त्या!"

तो हसला. ती डोळे पुसत असतानाच तिचा फोन वाजला. धाकट्या चर्चचा राखणदार होता, आणि वैतागलेला होता.

"बाई, अजून किती वेळ? मला दार लावायचंय."

"लावा," ती म्हणाली. "आम्ही निघालो. पिशवी राहिलीय, ती नंतर नेईन."

"निघालात म्हणजे काय? मी खाली उभा आहे. वर तुमचं कामच चाललंय ना. मोटर चालू आहे. मी दोन हाका मारल्या, तुम्ही ओ देत नाही, म्हणून फोन केला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नाही अशी मान हलवली. मोटर त्यानं बंद केली होती, तिनं ती बंद होताना ऐकली होती.

"फोन जरा वर धरा," ती म्हणाली.

राखणदार काहीतरी पुटपुटला. मग चर्चमधला पोकळ घुमारा कानात आला. एक सूर. त्यातली थरथर मंदावत गेली, थांबली. मग ऑर्गनच्या पोटातून एका बाईचा आवाज आला. तो तिचाच होता. फक्त त्यात राग नव्हता, घाई नव्हती, दमणूक नव्हती.

"सावकाश," तो आवाज म्हणाला. "आपल्याला कुठं जायचंय? पुढचा."