भिंतीकडचा गोलपोस्ट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर. पण यातलं एकही वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ आहे, आणि आजही हे सांगताना तो दोनदा थांबतो, पाणी पितो, मग पुढे बोलतो.

आणखी एक. यात रात्र नाही. अमावस्या नाही.

जे झालं ते २१ जानेवारी २०२३, शनिवारी, दुपारी, लख्ख उन्हात झालं. सुरतमध्ये. इच्छापोरच्या रस्त्याला एका कॉलेजचं फुटबॉल ग्राउंड आहे, तिथे. दोन-अडीचशे माणसांच्या डोळ्यांदेखत.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. मुलं अजून खेळतात तिथे.

माझ्या आतेभावाचं नाव योगराज. उज्ज्वला आत्याचं घर लिंबायतमध्ये, खाली पॉवरलूम, वर दोन खोल्या. मूळचे आम्ही पारोळ्याकडचे. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि ग्राउंडवर हिंदी, अशी त्याची तीन तोंडं. सहा फूट उंची, पंजे सुपासारखे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तो टीमचा गोलकीपर झाला.

ती टीम विचित्र होती.

बाहेर जाऊन जिंकायची. नवसारीला जिंकली, भरूचला जिंकली. पण स्वतःच्या ग्राउंडवर... सहा वर्षांत एकही मॅच नाही. कोच बदलले, मुलं बदलली, जर्सीचा रंगसुद्धा बदलला. घरी हार ती हारच.

लोक बघायला यायचे ते जिंकणं बघायला नाही. शिव्या द्यायला.

योगराजची घरची पहिली मॅच दिवाळीनंतर होती. पहिला हाफ बरा गेला. दुसऱ्या हाफला बाजू बदलली आणि तो भिंतीकडच्या गोलपोस्टात उभा राहिला. त्या पोस्टाच्या मागे चार पावलांवर कंपाउंडची उंच भिंत, भिंतीपलीकडे हजीऱ्याचा रस्ता. दिवसभर ट्रकांचे हॉर्न.

समोरच्या टीमने एक साधा उंच बॉल टाकला. त्यात काही दम नव्हता. सागर खाली उभाच होता. सागर म्हणजे टीमचा मुख्य डिफेंडर, परभणीकडचा, हॉस्टेलला राहायचा. असले बॉल तो झोपेत मारायचा.

त्याने पाय उचलला...

आणि पाय खाली ठेवून बाजूला झाला.

बॉल त्याच्या खांद्यावरून गेला. समोरच्याने आरामात गोल केला.

सागर गर्रकन वळला. "अरे, घ्यायचा नव्हता तर 'छोड' कशाला म्हणालास?"

"मी? मी कुठं काय बोललो?"

"छोड, मेरा है! एवढ्यानं ओरडलास!"

आणखी दोघांनी माना हलवल्या. त्यांनीही ऐकलं होतं. योगराजचाच आवाज होता, असं तिघांचं म्हणणं.

योगराजने तोंडही उघडलं नव्हतं.

मॅच गेली. कोचने सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. "आवाज दिलास तर बॉल घ्यायचा. नाहीतर थोबाड बंद ठेवायचं." बाहेर पडताना कुणीतरी पाण्याचा पाऊच त्याच्या पाठीत फेकून मारला. "एय पनोती, घरे जा!"

पुढची घरची मॅच डिसेंबरात. योगराजने ठरवलं, एक शब्दही काढायचा नाही. त्याने दात आवळून पहिला हाफ काढला. दुसऱ्या हाफला पुन्हा भिंतीकडचा पोस्ट.

सत्तराव्या मिनिटाला ट्रकांचे हॉर्न बंद झाले.

म्हणजे रस्ता बंद झाला असं नाही. भिंतीवरून ट्रकांचे टप जाताना दिसत होते. समोर लोक ओरडत होते, तोंडं हलताना दिसत होती. पण ऐकू काहीच येत नव्हतं... कानात कापूस कोंबल्यासारखं.

मग त्याच्या डाव्या बाजूला, पोलच्या मागे, हाताच्या अंतरावर कुणीतरी श्वास घेतला.

आणि ओरडलं...

"छोड! मेरा है!"

मोबाइलमध्ये स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकताना कसं परकं वाटतं ना? तसाच. त्याचाच आवाज. पण बाहेरून आलेला.

त्याने मान वळवली. पोलच्या मागे वाळलेलं गवत होतं. दुसरं कुणी नाही.

तोवर दुसऱ्या एका डिफेंडरने बॉल सोडला होता, आणि गोल झाला होता.

त्या दिवसानंतर टीमने त्याला वाळीत टाकलं. त्याची बॅग एकदा गटारात सापडली. प्रॅक्टिसला कुणी त्याच्याशी बोलेना. "हा मुद्दाम करतो," असं कॅप्टन उघड म्हणायचा. "समोरच्यांना फितूर आहे."

एकटा सागर त्याच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ बुटाची लेस सोडत राहिला. मग म्हणाला, "तुझे ओठ मिटलेले होते."

योगराजने वर पाहिलं.

"या वेळी मी तुझ्याकडंच तोंड करून उभा होतो. आवाज आला तेव्हा तुझे ओठ मिटलेले होते, योग्या. मी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी दोघे गणपतकाकांना भेटले. गणपतकाका ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारायचे. बुलढाण्याचे. सात वर्षं तेच काम. योगराजने भिंतीकडच्या पोस्टाबद्दल विचारलं, तसे त्यांचे हात थांबले.

"तिकडलं काम मी बाराच्या आत उरकतो," ते म्हणाले. "अन् तिकडून कोणी आवाज दिला तं मान वर करत नाही."

"कोण आवाज देतं काका?"

"कधी माही बायको. कधी माहा भाऊ. दोघंबी गावाकडं हायेत, जित्ते हायेत." त्यांनी चुन्याचं घमेलं उचललं. "मले इचारू नको बाप्पा. तिथं कोणी मेलं-बिलं असं मी तरी ऐकलं नाही. पण ते जे काय हाय, त्याले माणूस आवडत नाही."

२१ जानेवारीची मॅच घरची शेवटची होती. ही हरली तर टीमच बंद करायची, असं कॉलेजने कळवलं होतं. सागरला वरच्या निवडीसाठी बघायला त्या दिवशी माणसं येणार होती. त्याचं सगळं वर्ष त्या नव्वद मिनिटांवर टांगलेलं होतं.

गुरुवारी दुपारी योगराज सागरला लिंबायतला घरी घेऊन आला. ग्राउंडपासून कितीतरी लांब. मुद्दामच.

"ते नेहमी हिंदीत ओरडतं," योगराज म्हणाला. "कारण आपण तिथं हिंदीच बोलतो. आता मी अहिराणीतच ओरडणार. हिंदीत काही ऐकू आलं, तर तो मी नाही. बिनधास्त बॉल मार."

"मला कुठं अहिराणी येती?"

"चारच शब्द शिक. माय शिकवेल."

उज्ज्वला आत्या भाकरी थापत होती. तिला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ आहे. तिने हसत हसत शिकवलं. इकडे ये म्हणजे 'आठे ये'. सोडून दे म्हणजे 'सोडी दे'. मागे ये म्हणजे 'मांगे ये'. जागा आहे म्हणजे 'जागा शे'.

सागर परभणीच्या हेलात म्हणायला लागला, तशी आत्या पदर तोंडाला लावून हसली. खाली लूमची खटखट चालू होती, म्हणून सगळे मोठ्यानेच बोलत होते.

तेवढ्यात लाइट गेली. खालचे लूम एकदम थांबले.

खोलीत शांतता पसरली...

आणि जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "मांगे ये."

आत्याने तव्यावरची भाकरी उलटवली. "आवाज घुमना," म्हणजे घुमला, एवढंच ती म्हणाली. सागरही हसला.

योगराज हसला नाही. जिना अरुंद आणि कपड्यांच्या गाठोड्यांनी भरलेला. तिथे आवाज कधीच घुमत नाही. तो उठून बघून आला. जिना रिकामा होता.

त्याने सागरला काही सांगितलं नाही. मॅचला दोन दिवस होते. पोराचा धीर कशाला खचवायचा, असं त्याला वाटलं.

ती चूक माझी, असं तो अजून म्हणतो.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. टीम बंद पडताना बघायची होती लोकांना. योगराज मैदानात उतरला तसं "पनोती, पनोती" सुरू झालं. पहिल्या हाफला आपल्या पोरांनी एक गोल केला. एक-शून्य.

दुसऱ्या हाफला योगराज भिंतीकडे गेला.

पंचावन्नाव्या मिनिटाला आवाज आला. "छोड! मेरा है!"

सागरने ढुंकूनही न बघता बॉल मारला. लांब, मिडफिल्डच्या पलीकडे. मग वळून योगराजकडे बघत डोळा मारला.

साठाव्या मिनिटाला पुन्हा. "छोड!" पुन्हा सागरने मारला.

बासष्टाव्या मिनिटाला तो आवाज चिडला होता. योगराजला ते कळलं. शब्द तेच, पण शेवटाला दात खाल्ल्यासारखी घरघर. सागरने पुन्हा मारला.

मग आवाज बंदच झाला.

दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. योगराजला वाटलं, सुटलो. लोकांची शिवीगाळसुद्धा कमी झाली होती. सहा वर्षांनी काहीतरी होतंय, हे त्यांनाही कळलं होतं.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला समोरून एक उंच बॉल आला. उन्हातून. सागर डोळ्यांवर हात धरून, बॉलकडे बघत, एकेक पाऊल मागे यायला लागला. योगराज गोलाच्या उजव्या कोपऱ्यात होता. सागर डाव्या पोलच्या रोखाने येत होता. पण अजून अंतर होतं. तो थांबणारच होता.

ट्रकांचे हॉर्न बंद झाले...

डाव्या पोलच्या मागून आवाज आला. मऊ. घरचा. योगराजचाच, पण हेल आत्याने जसा शिकवला, अगदी तसा.

"मांगे ये... मांगे ये... जागा शे."

सागरने होकारार्थी मान हलवली. आणि मागे पळत सुटला.

योगराज ओरडला. हिंदीत की मराठीत, त्यालाही आठवत नाही. "थांब! पोल! पोल!" जीव खाऊन ओरडला. पण त्याच्या तोंडातून निघालेला आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. त्या शांततेत एकच आवाज चालू होता.

"जागा शे... जागा शे..."

उंच उडी मारताना सागरचं डोकं मागच्या बाजूने लोखंडी पोलवर आदळलं.

तो आदळल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. पार समोरच्या बाकांपर्यंत.

बॉल गोलावरून बाहेर गेला.

मॅच एक-शून्यने सुटली. सहा वर्षांत पहिल्यांदा टीम घरी जिंकली. लोक मैदानात घुसून नाचले. सागरला स्ट्रेचरवर नेत होते, तेव्हा बाजूलाच ढोल वाजत होता.

सागर वाचला. नऊ दिवसांनी शुद्धीवर आला. बोलणं अडखळतं, उजवा पाय ओढत चालतो. आता गावी असतो.

योगराज त्याला बघायला दवाखान्यात गेला होता. दारातच सागरची आई रुक्मिणीबाई उभी होती. तिने त्याला आत जाऊ दिलं नाही. आतून सागरचा आवाज तेवढा आला, तुटक, जिभेला जड...

"तू... बोलावलंस. मी... आलो."

"मी नव्हतो रे!"

"तुझ्या... मायचे शब्द. दुसऱ्या कुणाला... माहीत होते?"

रुक्मिणीबाईने दार लावून घेतलं. त्यानंतर सागर त्याच्याशी कधीच बोलला नाही.

त्या मॅचचा व्हिडिओ आहे. एका पोराने मोबाइलवर काढलेला. मी स्वतः पाहिलाय, एकदाच. योगराज उजव्या कोपऱ्यात, हात हलवत ओरडताना दिसतो. त्याचं ओरडणं व्हिडिओत साफ ऐकू येतं. "मांगे ये" मात्र कुठेच नाही.

पण सागर मान हलवतो, ते दिसतं. आणि तो योगराजकडे बघून मान हलवत नाही.

तो डाव्या पोलच्या मागे बघतो. तिथे नुसतं गवत आहे. आणि तो ओळखीचं हसतो.

योगराजने खेळ सोडला, कॉलेजही सोडलं. आता पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये आहे. मशीनच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, खुणांनी बोलावं लागतं. त्याला ते बरं वाटतं. त्या ग्राउंडच्या रस्त्यानेसुद्धा तो गेलेला नाही.

टीम चालू राहिली. घरी पुन्हा हरायला लागली.

गेल्या महिन्यात मी सुरतला गेलो होतो. रविवारची दुपार, आत्याकडे जेवून बसलो होतो. योगराजचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने स्पीकरवर घेतला.

टीमचा नवा गोलकीपर होता. कुठूनतरी नंबर मिळवला होता त्याने. रागात होता, पण आवाज कापत होता.

"दादा, तुम्ही ग्राउंडवर येणं बंद करा. हात जोडतो."

"मी येत नाही," योगराज म्हणाला. "दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही तिथे."

"खोटं नका बोलू. आमच्या कॅप्टनने तुमचा आवाज ओळखला. तो तुमच्यासोबत खेळलाय. दर मॅचला माझ्या मागे उभं राहून तुम्ही ओरडता, पोरं बॉल सोडतात. काल तर तुम्ही..."



"काल काय?" योगराजने विचारलं.

"काल तुम्ही माझं नाव घेऊन बोलावलंत. घरचं नाव. ते फक्त माझी आई घेते."

 आत्या भांडी घासायची थांबली.

मला वाटलं, योगराज आता सगळं सांगेल. सागरचं, जिन्यातलं, सगळं. पण त्याने डोळे मिटले आणि एवढंच म्हणाला, "मागे वळू नकोस. मी काहीही म्हटलं, तरी वळू नकोस."

आणि फोन ठेवला.

त्या आवाजाला आजवर तो 'ते' म्हणायचा. आता 'मी' म्हणाला तो. 'ते' नाही... 'मी'.

मी त्याला त्याबद्दल अजून विचारलेलं नाही.